लहानपणचा कान



ट्रस्टच्या महोत्सवानिमित्त शिक्षणावर चार शब्द बोलावेत अशी चिटणीसांची सूचना आली. शिक्षक शिक्षणावर बोलू लागला की श्रोते घड्याळाकडे पाहू लागतात, हे आम्ही जाणून आहो. म्हणून आज मुलांच्या शाळेऐवजी पाखरांच्या शाळेकडे आपणांस नेण्याचे योजिले आहे. तेथेही पाठ आहेत, उस्ताद आहेत, घोकंपट्टी आहे आणि नापास होणारी पिलेही आहेत. शेवटी मुलांकडे वळणे आम्हांला टळणार नाही. पण ते शेवटी.

आरंभ आपल्या सुरतेपासूनच करू. इ. स. १६७३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा जॉन फ्रायर नावाचा एक डॉक्टर हिंदुस्थानात आला. काही काळ तो सुरतेच्या वखारीत राहिला. मायदेशी परतल्यावर, १६९८ मध्ये, त्याने आपल्या प्रवासाचे जाडजूड पुस्तक छापले. त्यात अहमदाबादेहून येणाऱ्या इवल्याशा पाखरांची हकीगत आहे. अंगावर बारीक लाल-पांढरे ठिपके, एकेका पिंजऱ्यात पन्नास पन्नास, आणि त्यांतल्या म्होरक्याने सूर लावला की बाकीचे सगळे साथ धरतात, असे तो सांगतो. हे पाखरू म्हणजे आपली लाल मुनिया. पाण्याकाठच्या उंच गवतात आणि उसाच्या मळ्यांत ती थव्याने राहते. 'अहमदाबाद' हे नाव युरोपियनांच्या जिभेवर 'अवदवत' असे झाले, आणि लिनियसने १७५८ मध्ये या पाखराला जे शास्त्रीय नाव दिले त्यातही 'अमांडावा' या रूपाने तेच शहर दडून बसले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आणि त्याच्या पुढील दुरुस्त्यांमुळे आज आपल्या देशातील रानपाखरे पकडून विकता येत नाहीत, आणि ते योग्यच झाले. पण ही मुनिया आपण ध्यानात ठेवावी. पुढे ती कॅलिफोर्नियात शिक्षक म्हणून भेटणार आहे.

माशाच्या पिलाला पोहायला शिकवावे लागत नाही, असे आपण म्हणतो. पाखराच्या गाण्याविषयीही बहुतेकांची हीच समजूत असते. आणि पाहावे तर कोकिळा तिला पुरावाही देते. ती आपले अंडे कावळ्याच्या घरट्यात घालते. पिल्लू कावळ्याच्या घरी, रात्रंदिवस काव-काव ऐकत वाढते. तरीही मोठा झालेला नर आंब्यावर बसून 'कुहू'च करतो. कोणी शिकवले? कोणीच नाही. कोकिळेचा आवाज जन्मजात आहे. कोंबड्याचा आणि कबुतराचाही तसाच. परंतु पक्ष्यांच्या जगात ज्या दहा-अकरा हजार जाती आहेत, त्यांपैकी जवळजवळ निम्म्या जाती 'गाणारे पक्षी' या गटात मोडतात आणि त्यांना गाणे शिकावे लागते. दयाळ, बुलबुल, शिंपी, चिमणी, मुनिया हे सारे त्या गटातले. गंमत अशी की गोड गळ्याची उपमा जिच्यावरून देतो ती कोकिळा या गटात नाही, आणि ज्याला आपण हाकलून लावतो तो कावळा मात्र आहे!

गाणे शिकावे लागते ही गोष्ट डेन्स बॅरिंग्टन नावाच्या इंग्रज गृहस्थाने १७७३ मध्येच छापून ठेवली होती. त्याने लिनेट नावाच्या पाखराची पिले चंडोलाच्या संगतीत वाढवली, आणि ती मोठेपणी चंडोलाचे गाणे गाऊ लागली. पण कानाची साक्ष ही शेवटी कानाचीच. दोन गाणी अगदी सारखी आहेत की नाहीत हे पडताळायचे कसे? पुढे ध्वनिमुद्रण आले. १८८९ मध्ये जर्मनीत लुडविग कोख नावाच्या लहान मुलाने आपल्या पिंजऱ्यातल्या शामाचा आवाज एडिसनच्या यंत्रावर उतरवून घेतला. पक्ष्याच्या गाण्याचे हे सर्वांत जुने ज्ञात मुद्रण मानतात, आणि शामा तर आपल्याच रानातला पक्षी. नंतर दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत असे यंत्र निघाले की जे आवाजाचा आलेख कागदावर काढून देई. आता गाणे डोळ्यांनी वाचता येऊ लागले, विद्यार्थ्याची वही तपासावी तसे तपासता येऊ लागले.

केंब्रिजच्या विल्यम थॉर्प यांनी १९५० नंतरच्या दशकात चॅफिंच नावाच्या पाखरांवर हे यंत्र वापरले. पिले लहानपणीच वेगळी काढून, कोणा प्रौढाचे गाणे कानावर पडू न देता हाताने भरवून वाढवली. ती मोठी झाली, वसंतात गाऊही लागली. गाण्याची लांबी साधारण ठीक. पण आत काही घाट नाही, बांधणी नाही. पतंगाचा नुसता सांगाडा असावा, कागद नसावा, तसे ते गाणे होते.

थॉर्प यांचे शिष्य पीटर मार्लर कॅलिफोर्नियात गेले. तेथे डोक्यावर पांढरे पट्टे असलेली एक चिमणी आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभोवती, काही मैलांच्या अंतराने, तिच्या गाण्याची ढब बदलते. आपल्याकडे जशी किराणा, आग्रा, जयपूर ही घराणी, तशी या चिमण्यांची घराणी. मार्लर यांनी पिलांना ध्वनिमुद्रित गाणी वेगवेगळ्या वयात ऐकवली. १९७० मध्ये त्यांनी आपला निष्कर्ष मांडला: जन्मानंतर साधारण दहाव्या दिवसापासून पन्नासाव्या दिवसापर्यंत जे ऐकले ते गळ्यात उतरते, मुद्रण त्यानंतर ऐकवले तर उतरत नाही. आणि त्या दिवसांतही पिलू वाटेल ते उचलत नाही. आपल्या जातीचे आणि परक्या जातीचे गाणे दोन्ही ऐकवले तर ते आपल्या जातीचे निवडते. म्हणजे जन्मतः काहीच नसते असे नव्हे. पाटी कोरी नसते. तिच्यावर फिक्या रेघा आखलेल्या असतात, अक्षरे मात्र दुसऱ्याकडून घ्यावी लागतात.

यात एक विचित्र गोष्ट आहे. त्या पन्नास दिवसांत पिलू स्वतः गाण्याचे नाव घेत नाही. नुसते ऐकते. गाणे ते पुढे कित्येक आठवड्यांनी सुरू करते, तेव्हा उस्ताद जवळ नसतो. मग ते कशावरून शिकते? हा प्रश्न मार्लर यांचे विद्यार्थी मासाकाझू कोनिशी यांनी घेतला. कोनिशी हे क्योटो शहरातील रेशीम विणणाऱ्या गरीब कुटुंबातले. आपल्या सुरतेतल्या श्रोत्यांना हे सांगावेसे वाटते, कारण मागावरच्या घरातून किती लांब जाता येते त्याचे हे उदाहरण आहे. त्यांनी १९६५ मध्ये दाखवून दिले की गाणे ऐकून झाले, मनात साठले, पण गायला सुरुवात करण्याआधी पाखराची श्रवणशक्ती नाहीशी केली तर ते ऐकलेले गाणे त्याला कधीच जमत नाही. एकदा पुरते बसलेले गाणे मात्र त्या चिमणीला ऐकू न येताही टिकवता येते. म्हणजे ऐकलेल्या गाण्याचा एक नमुना डोक्यात राहतो आणि पाखरू स्वतःचा आवाज त्या नमुन्याशी ताडून पाहत पाहत सुधारते. या प्रयोगांविषयी वाचताना आमचे मन काही स्वस्थ राहत नाही. मुक्या जिवाचा कान घेणे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु त्यांतून जे कळले त्याचा उपयोग माणसाच्या लेकरांना झाला, हेही खरे.

आधी ऐकणे, मग जुळवणे, हा क्रम आम्ही मक्तबमध्ये पाहिला आहे. चार वर्षांचे मूल उस्तादांसमोर बसते. 'क़ाफ' आणि 'काफ' यांतला फरक त्याला समजावून सांगून कळत नाही. उस्तादांच्या तोंडून तो शंभरदा ऐकावा लागतो, मग स्वतः चुकत चुकत म्हणावा लागतो, आणि एके दिवशी जीभ आपोआप योग्य जागी जाते. मोठ्या वयात सुरुवात करणाऱ्यांचे त्या एका अक्षरावर काय हाल होतात, ते आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल.

आता पाखराच्या डोक्यात शिरू. प्रयोगशाळेत सर्वांत जास्त अभ्यास झाला तो ऑस्ट्रेलियातील झेब्रा फिंच या पाखराचा. ती आपल्या मुनियेच्याच कुळातली, वजनाने जेमतेम बारा-पंधरा ग्रॅम. यात गातो तो नर. मादी गात नाही, पण ऐकते, ओळखते आणि पारखते. (सर्वच जातींत असे नाही हो, कित्येक जातींत माद्याही उत्तम गातात, भगिनींनी गैरसमज करून घेऊ नये.) नर पिलू साधारण पंचविसाव्या दिवसापासून पासष्टाव्या दिवसापर्यंत बापाचे गाणे मनात घेते. एक महिन्याचे झाले की बोबडे बोलू लागते, आणि नव्वद दिवसांच्या सुमारास गाणे पक्के होते. मग ते जन्मभर जवळजवळ तसेच राहते.

१९७६ मध्ये फर्नांडो नॉटेबोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनरी पाखराच्या मेंदूत गाण्याची केंद्रे शोधून काढली. त्यांतल्या एकाला एच.व्ही.सी. म्हणतात. ते दुसऱ्या केंद्राला, आर.ए.ला, संदेश देते, आणि तेथून कंठाच्या स्नायूंना हुकूम जातात. ही झाली गाण्याची हमरस्ता-वाट. हिच्या बाजूने एक आडवाट जाते. तिच्यावर एल-मॅन नावाचे केंद्र आहे. १९८४ मध्ये असे दिसले की पिलाच्या वयात ते निकामी झाले तर गाणे शिकणे खुंटते. प्रौढाच्या बाबतीत ते निकामी झाले तरी बसलेले गाणे चालू राहते. पुढे २००५ च्या सुमारास कळले की पिलाच्या बोबड्या गाण्यात जी धरसोड, जे वेडेवाकडे प्रयत्न दिसतात ते हेच केंद्र घडवून आणते. म्हणजे चुका करून पाहण्यासाठी निसर्गाने मेंदूत खास जागा राखून ठेवली आहे! वर्गातल्या गोंधळाविषयी आम्ही कधी कुरकुरलो तर ही गोष्ट आमची आम्हालाच आठवते.

ऐकण्याने मेंदूत प्रत्यक्ष काय बदलते? हे डोळ्यांनी पाहिले गेले, आणि आमच्या मते या साऱ्या कथेतला सर्वांत नवलाचा भाग हाच. मेंदूतील पेशींना फांद्या असतात आणि त्या फांद्यांवर काट्यांसारखे बारीक कोंब असतात. एका पेशीचा निरोप दुसरीला पोचतो तो पुष्कळदा या कोंबांवर. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात रिचर्ड मूनी यांच्या प्रयोगशाळेने उस्तादाविना वाढवलेल्या झेब्रा फिंच पिलांच्या एच.व्ही.सी.मधील हे कोंब सूक्ष्मदर्शकातून, जिवंत पाखरात, रोजच्या रोज पाहिले. हे काम २०१० मध्ये छापले गेले. उस्ताद भेटण्यापूर्वी कोंब सारखे उगवत आणि मावळत होते. ज्या पिलात ही उलथापालथ अधिक, ते पुढे अधिक चांगले शिकले. उस्तादाचे गाणे कानावर पडले, आणि एका दिवसाच्या आत अशा पिलांत कोंब स्थिर झाले, जाड झाले. एक दिवस, बंधूंनो! आपण मुलाला 'अजून लहान आहे, त्याला काय कळते' असे म्हणतो, आणि इकडे एका दिवसाच्या ऐकण्याने मेंदूच्या फांदीवर खूण उमटून बसते.

२०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी आणखी एक पदर उलगडला. पिलू उस्तादाचे गाणे ऐकते तेव्हा एच.व्ही.सी.मधील पेशी त्या गाण्यावर जाग्या होतात. पण गाण्याचा जो भाग पिलाला पाठ झाला, तेवढ्यापुरते आवरून धरणाऱ्या पेशी पुढे सरसावतात, आणि मग उस्तादाचे गाणे तेथे पूर्वीसारखी खळबळ उडवीत नाही. पाठ झालेल्या धड्याला मेंदू जणू कुलूप घालतो. २०१९ मध्ये तर टेक्सासमधील एका प्रयोगशाळेने प्रकाशाच्या झोतांनी या केंद्राकडे जाणारी वाट चेतवून, ज्यांनी उस्ताद कधी ऐकलाच नव्हता अशा पिलांच्या डोक्यात सुरांच्या लांबीची आठवण रुजवली. पिलांनी आपले सूर त्या मापाने गायले. पण रुजवता आले ते फक्त माप. बाकीचे गाणे काही प्रकाशातून आले नाही.

झोपेचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे, मातांसाठी. शिकणारे पिलू सकाळी उठते तेव्हा त्याचे गाणे आदल्या संध्याकाळपेक्षा बिघडलेले असते. दिवसभरात ते पुन्हा सावरते. २००५ मधील एका अभ्यासात असे आढळले की ज्या पिलांचे गाणे सकाळी अधिक बिघडे, तीच शेवटी उस्तादाची अधिक चांगली नक्कल करू लागली. काल येत होते ते आज विसरला, म्हणून मुलावर हात उगारणाऱ्यांनी याचा विचार करावा.

दत्तक पिलांचे प्रयोगही मनोरंजक आहेत. जर्मनीच्या क्लाउस इम्मेलमान यांनी १९६९ मध्ये झेब्रा फिंचची पिले बेंगलीज फिंच या पाळीव पाखरांच्या घरी वाढवलेली दाखवली. या बेंगलीज फिंचचा रानटी पूर्वज म्हणजे पांढऱ्या पाठीची मुनिया. ती आपल्या सह्याद्रीतही दिसते. जपानी लोकांनी ती पिढ्यान् पिढ्या पाळून माणसाळवली. दत्तक गेलेल्या पिलांनी पालक बापाचेच गाणे उचलले, आणि तेही आपल्या जातीचे नर आसपास गात असताना! भरवणाऱ्याचे गाणे रक्ताच्या गाण्यावर मात करून गेले. मात्र २०१६ मध्ये जपानच्या ओकिनावा बेटावरील संशोधकांनी अशाच पिलांचे गाणे बारकाईने मोजले, तेव्हा एक गोष्ट उघड झाली. सूर पालक बापाचे होते, पण दोन सुरांमधली स्तब्धता, तो विरामाचा ताल, मात्र आपल्या मूळ जातीचा राहिला होता. शब्द नव्या घरचे, लय जुन्या घरची. खानदेशातून येऊन सुरतेत तीन पिढ्या काढलेल्या कुटुंबाची गुजराती ऐकावी, म्हणजे याचा अर्थ कळेल; अहिराणीचा हेल त्यांत कोठे ना कोठे राहतोच. (माणसातला हेल रक्तातून येत नाही, आजीच्या मांडीवरून येतो, एवढा फरक आहे.)

आता आपली लाल मुनिया. मार्लर यांनी पन्नास दिवसांची जी मर्यादा सांगितली होती ती ध्वनिमुद्रण ऐकवून काढलेली होती. लुइस बॅप्टिस्टा आणि लुइस पेट्रिनोविच या दोघांना शंका आली. पिंजऱ्यातले पिलू आणि कर्ण्यातून येणारा आवाज, ही कसली शाळा? त्यांनी पन्नास दिवस उलटून गेलेल्या त्याच चिमण्यांना जिवंत शिक्षक दिला. शिक्षक शेजारच्या पिंजऱ्यात, डोळ्यांना दिसणारा, हालचाल करणारा, प्रतिसाद देणारा. १९८४ मध्ये त्यांनी छापले की मर्यादा ओलांडलेल्या चिमण्या जिवंत शिक्षकाकडून नवे गाणे शिकल्या. एवढेच नव्हे, शिक्षक परक्या जातीचा असला तरी शिकल्या, आणि स्वजातीचे गाणे नुसते लांबून ऐकू येत असता जवळच्या परक्याचे त्यांनी पत्करले. या परक्या शिक्षकांत एक होती अमांडावा, म्हणजे अहमदाबादच्या नावाची आपली लाल मुनिया! फ्रायरच्या पुस्तकात जी पाखरे पन्नासांच्या मेळ्यात गात होती, त्यांच्याच भाऊबंदाकडून अमेरिकन चिमणीने विद्या घेतली.

म्हणजे शिकण्याचे दार ठरल्या दिवशी धाडकन बंद होते, असे नाही. १९८५ मध्ये झेब्रा फिंचवर झालेल्या कामातही हेच दिसले: ज्या पिलाला वेळेत उस्ताद मिळाला नाही, त्याचे दार काही काळ अधिक उघडे राहते. मेंदू जणू वाट पाहतो. पण किती वाट पाहणार? उस्ताद आलाच नाही तर पिलू आपले ओबडधोबड गाणे तसेच पक्के करून टाकते.

गोंगाटाचाही विचार आपल्याला करावा लागेल, कारण आपल्यापैकी अनेकांची घरे यंत्रमागांच्या खडखडाटाला लागून आहेत. काझुओ फुनाबिकी आणि तेच कोनिशी यांनी २००३ मध्ये एक प्रयोग छापला. उस्तादाचे गाणे ऐकून झालेल्या पिलांना त्यांनी मोठ्या आवाजाच्या गोंगाटात ठेवले. स्वतःचे गाणे ऐकू येईना, तेव्हा सुधारताही येईना. पुढे गोंगाट थांबवला. ज्यांची सुटका लवकर झाली त्यांनी लहानपणी ऐकलेले गाणे आठवणीतून वर काढले आणि जुळवले. आठवण शाबूत होती, फक्त स्वतःला ऐकण्याची सोय नव्हती.

आणखी एकच प्रयोग, कारण त्यात आपल्या देशाचे पार्थ मित्र सहभागी आहेत. उस्तादाविना वाढलेल्या, वेडेवाकडे गाणाऱ्या नरालाच उस्ताद नेमले तर? ओल्गा फेहेर, मित्र, ओफेर चेर्निचोव्स्की आणि त्यांचे सहकारी यांनी २००९ मध्ये याचे उत्तर दिले. शिष्यांनी त्या ओबडधोबड गाण्याची नक्कल केली, पण किंचित सुधारून. त्यांच्या शिष्यांनी आणखी थोडे सुधारले. तीन-चार पिढ्यांत गाणे रानातल्या गाण्याच्या जवळ जाऊन पोचले. कोणा एकाला जे साधत नाही ते पिढ्या मिळून साधतात. मात्र त्या पहिल्या एकाकी पाखराला त्याचा काही लाभ झाला नाही, हे विसरता कामा नये.

आपल्या देशातही हे काम चालते. पुण्याच्या आयसर संस्थेत राघव राजन झेब्रा फिंचवर संशोधन करतात. हे पाखरू गाणे सुरू करण्यापूर्वी एकच लहान सूर पुन्हा पुन्हा काढते, गवयाने बैठकीपूर्वी गळा तयार करावा तसे. त्या सुरांत मेंदू गाण्याची तयारी कशी करतो, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. हरियाणात मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात सौम्या अय्यंगार यांनीही गाणाऱ्या पक्ष्यांच्या मेंदूवर काम केले आहे. आपल्या मुलामुलींपैकी कोणाला जीवशास्त्राची गोडी असेल तर ही नावे त्यांच्या कानांवर घालावीत.

आता मुलांकडे वळतो. मूल म्हणजे पाखरू नव्हे. पाखरू एक गाणे शिकते, त्याला व्याकरण नाही, गोष्ट नाही. मूल पन्नाशीतही नवी भाषा शिकू शकणारा माणूस होणार असते. म्हणून पाखराच्या दिवसांचा हिशेब मुलाला लावू नये. पण दोघांतले साम्यही दुर्लक्षिण्याजोगे नाही: दोघांनाही आधी ऐकावे लागते, दोघेही बोबडे बोलतात, आणि दोघांनाही जिवंत शिक्षक लागतो. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये दाखवले की नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी चिनी बोलणारी माणसे समोर बसून खेळली, त्यांनी गोष्टी वाचल्या, तर बाळांचा कान चिनी भाषेतील ध्वनी ओळखू लागला. तोच मजकूर, तीच माणसे, पण दूरदर्शनच्या पडद्यावर दाखवली, तर काहीही उतरले नाही. रडणाऱ्या बाळाच्या हातात मोबाईल देणाऱ्या घरांत हा प्रयोग आम्ही आवर्जून सांगतो. काही घरे ऐकतात.

सुरतेच्या महापालिकेच्या शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू अशा अनेक माध्यमांच्या आहेत. पालक विचारतात, घरी एक, गल्लीत दुसरी, शाळेत तिसरी, मुलाच्या डोक्यात गोंधळ नाही का होणार? आम्ही सांगतो, नाही. लहान कानात दोन-तीन भाषा सुखाने नांदतात. आपल्याशी बोलणारे माणूस मात्र हवे.

आणि ज्या कानापर्यंत काही पोचतच नाही, त्याचे काय? आमच्याकडे एकदा सहा वर्षांची एक मुलगी पहिलीत दाखल करायला आणली. आई म्हणाली, "गुरुजी, समजतं तिला सगळं, फक्त बोलत नाही." मुलगी आमच्या ओठांकडे पाहत होती. आम्ही तिच्या पाठीमागे पुस्तक आपटले. ती वळली नाही. तपासणीत कळले की तिला जन्मापासून ऐकू येत नव्हते. सहा वर्षे घरातले तिला लाडाने हाका मारीत होते. आपल्यात मूल जन्मले की त्याच्या कानात अजान देतात. तिच्याही दिली होती.

अशा मुलांसाठी आज उपाय आहेत. काही मुलांना श्रवणयंत्र पुरते, काहींच्या कानात शस्त्रक्रियेने यंत्र बसवतात. त्याला कॉक्लिअर इम्प्लांट म्हणतात. सरकारी योजनांतून ते गरिबांनाही मिळू शकते, पण योजनांत वयाची अट असते, आणि ती अट कोणा कारकुनाच्या लहरीने घातलेली नाही. वर सांगितलेल्या कोंबांचाच तो हिशेब आहे. मेंदूतील श्रवणाचा भाग रिकामा फार काळ राहत नाही. दुसरी कामे तेथे बिऱ्हाड करतात. यंत्र जितके लवकर, बोलणे तितके सुकर. आणि यंत्र बसवणे शक्य नसेल वा नको असेल, तर हातांची भाषा आहे. तिला कमी लेखू नये. मूकबधिर आईबापांची बाळे हातांनी बोबडे बोलतात, हे १९९१ मध्ये दिसून आले आहे. दिल्लीत २०१५ पासून भारतीय सांकेतिक भाषेची राष्ट्रीय संस्था आहे. मेंदूला लवकर हवी असते ती भाषा. ती कानातून येते की डोळ्यांतून, ही पुढची गोष्ट. त्या मुलीच्या वाट्याला सहा वर्षे दोहोंपैकी एकही आली नव्हती. पुढे ती मूकबधिरांच्या शाळेत गेली, हातांची भाषा शिकली. आता आमच्याकडे येते तेव्हा इतके बोलते की आम्हांला दुभाष्या लागतो.

डॉक्टर मंडळी याबाबतीत एक, तीन, सहा असे आकडे सांगतात. एक महिन्याच्या आत बाळाच्या कानाची चाचणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपाय. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत जन्मजात बहिरेपण आहे. तरीही घरी किंवा लहानशा प्रसूतिगृहात जन्मलेले बाळ या चाचणीवाचून राहून जाते. आपल्या ट्रस्टच्या मदतीचे अर्ज येतात ते वह्या-पुस्तकांसाठी, फीसाठी, औषधासाठी. एक महिन्याच्या बाळाच्या कानासाठी अर्ज कोणी करीत नाही, कारण बाळाला फी नसते आणि बहिरेपण दुखत नाही. विश्वस्त मंडळींपुढे आम्ही एवढीच विनंती ठेवतो की नव्या वर्षापासून ट्रस्टच्या कुटुंबांत जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाची ही चाचणी ट्रस्टने करवून घ्यावी. फार काही लागत नाही. बाळ झोपले असताना कानात एक मऊ बोंडी ठेवतात, तिच्यातून बारीक आवाज सोडतात, आणि निरोगी कान त्या आवाजाला जो अगदी क्षीण प्रतिध्वनी देतो तो यंत्र टिपते. बाळाला टोचावे लागत नाही. प्रतिध्वनी आला नाही तर काही दिवसांनी पुन्हा बोलावतात, कारण पहिल्या दिवसांत कानात पाणी असले तरी असे होऊ शकते. दुसऱ्यांदाही आला नाही, तर मग मोठी तपासणी. बाळ जागे झाले तर मात्र थांबावे लागते. ते दूध पिऊन पुन्हा झोपेपर्यंत.